हणमंतप्पांचा डबा

१८ जून, बुधवार

आज मला पहिल्यांदा कुणीतरी 'सल्लागारसाहेब' म्हणालं. मी मागं वळून पाहिलं. वाटलं, माझ्यामागं कुणी उभं असेल.

सास्तूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून, विष्णुपंतांच्या शिक्षण संस्थेची जागा आहे. तिथं मुलींचं वसतिगृह बांधायचं आहे. विष्णुपंत याच भागात हेडमास्तर होते. निवृत्त होऊन आता तुळजापुरात राहतात आणि संस्थेचे अध्यक्ष आहेत. बांधकामाचं कंत्राट लोहाऱ्याच्या हणमंतप्पांना मिळालंय. या दोघांच्या मध्ये मी.

सोलापूरच्या एका ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सहीखाली काम केलं. ते ऑफिस बंद पडलं आणि पन्नाशीला टेकल्यावर माझी स्वतःची सही चालू झाली. माझ्या सहीला अजून वळण नाही.

दुपारी झाडाखाली बसून करार वाचला. तो संस्था आणि कंत्राटदार यांच्यातला. सह्या त्या दोघांच्या, माझी कुठंच नाही. पण आत पानोपानी 'सल्लागार' हा शब्द आहे. सल्लागार तपासेल, सल्लागार लेखी सूचना देईल, सल्लागाराच्या परवानगीशिवाय काँक्रीट भरता येणार नाही, दोघांत वाद झाला तर सल्लागार कुणाचीही बाजू न धरता निर्णय देईल. पगार संस्थेचा, पण न्याय दोघांचाही.

आमचे आजोबा गावच्या पंचांत असायचे ते आठवलं. न्यायाला जाताना ते पाण्याचा तांब्या घरून न्यायचे, ज्यांचा वाद त्यांच्या घरचा घोटही घ्यायचे नाहीत. जुनी माणसं, सोवळं फार पाळायची.

देवी, माझ्या हातून हे काम नीट होऊ दे.

८ जुलै, मंगळवार

पाया खोदून झाला. नकाशात दाखवलाय तिथवर खाली काळी मातीच होती. मी म्हणालो, मुरूम लागेपर्यंत आणखी खोदावं लागेल. हणमंतप्पा वाद घालतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "तुम्ही म्हणताव तर खोदू की." माणूस चांगला आहे.

मी उमरग्याहून फटफटीवर येतो, त्यामुळं डबा दुपारपर्यंत गार पडतो. काल हणमंतप्पांनी पाहिलं.

"आवं लिंबाजीराव, ही काय जेवायची रीत हाय? आमचं घर एवढ्या जवळ, अन् तुम्ही गार भाकरी मोडायलाव? लोहाऱ्यात माझी इज्जत ऱ्हाईल का?"

आज त्यांनी डबा आणलाच. मी म्हणालो, "आज मंगळवार, उपास आहे."

"मग उद्यापासनं. कमलबाईला सांगून ठिवतो."

कमलबाई त्यांची मंडळी. मी मान हलवली. मला 'नको' म्हणता येत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. 'उपास आहे' एवढंच म्हणता येतं. मंगळवारचा उपास देवीचा, आईपासून चालत आलेला, तो खरा. गुरुवारचा ऑफिसात लागला. त्या दिवशी साहेब सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचे आणि तिथलं खाणंपिणं मला नको असायचं. शनिवारचा मेव्हण्यामुळं लागला. तो शनिवारी आग्रह करकरून घरी बोलवायचा. देवाला हे सगळं माहीत असणार, पण तो काही बोलत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

डब्याची सवय झाली. बाजरीची भाकरी, ठेचा, मेथीची पातळ भाजी, कधी पुरण. हणमंतप्पा आणि मी वाळूच्या ढिगावर पोतं टाकून एकाच ताटात जेवतो. कमलबाईंनी माझे वार पाठ करून ठेवलेत. मंगळवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी येते, न सांगता. परक्या माणसाचं इतकं लक्ष! घरी आशामतीला कौतुकानं सांगितलं.

ती म्हणाली, "आन् माझ्या हातच्या भाकरीला वास मारतो का?"

"तसं न्हाय गं. माणसं चांगली हायती."

"चांगली असू द्या की, मी कुठं वाईट म्हणाले? पण तुमाला तिथं तपासायला ठिवलंय का जेवायला?"

मला हसू आलं. बायकोची जीभ आधीपासूनच तिखट आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

खांबांच्या सळया उभ्या राहिल्या. शनिवारी अनंत चतुर्दशी आहे. त्या सकाळी खालचे सगळे खांब भरायचे, असं विष्णुपंतांनी ठरवलंय. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागतो. त्यात खांब भरायला ते तयार नाहीत आणि हणमंतप्पाही नाहीत. म्हणजे शनिवार गेला की काम थेट घटस्थापनेवर जातं.

आज तपासायला गेलो. खांबात उभ्या सळयांना आडव्या रिंगा घालतात. रिंगेची दोन टोकं आत, खांबाच्या पोटात वळवायची असतात. आपल्या भागात ही गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. टोकं नुसती काटकोनात दुमडून बाहेरच्या बाजूला ठेवली तर खांब एरवी उभा राहतो, काही होत नाही. पण जमीन हलली की वरचं काँक्रीट सुटतं आणि रिंग उघडते. कडब्याच्या पेंडीची गाठ सुटावी तशी. मग सळया फाकतात आणि वरचं सगळं खाली येतं.

सगळ्या रिंगांची टोकं काटकोनातच होती. एकही आत वळवलेली नव्हती.

सळयांचं काम सिदूकडं आहे. तो तारेनं रिंगा बांधत वर बसला होता. मी विचारलं, "सिदू, टोकं अशी का?"

"अप्पांनी सांगितलं तसं करायलोय साहेब. आत वळवाया टाइम लई जातो. चालंल का?"

त्यानं मला सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "अप्पांशी बोलतो."

हणमंतप्पांशी बोललो. त्यांनी खांबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"खरं हाय तुमचं. चुकलंच. पण आता समदं सोडून परत बांधायचं म्हणलं तर शनिवार गेला. मग पंधरवडा गेला. माणसं दुसऱ्या कामाला जातील ती परत गावायची न्हाईत. विष्णुपंत गुरुजींनी नारळ सांगून ठिवलाय. वरच्या मजल्याला तुम्ही म्हणाल तशा रिंगा घालतो, देवीची आण. एवढ्या बारीला सांभाळून घ्या, लिंबाजीराव."

डबा तेवढ्यात आला. आज गुरुवार, म्हणून साबुदाण्याची खिचडी होती, वर ओलं खोबरं. आम्ही दोघं जेवलो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून मनात वाक्य तयार करत होतो. 'काम थांबवा, रिंगा बदलल्याशिवाय परवानगी मिळणार नाही.' करारात जसं आहे तसं. उमरग्यापासून साइटपर्यंत फटफटीवर तेच मोठ्यानं म्हणत आलो.

साइटवर कमलबाई स्वतः आल्या होत्या. उद्याच्या पूजेचं सामान घेऊन. मला म्हणाल्या, "दादा, तुमच्यामुळं ह्यांना धीर हाय बघा."

वाक्य तसंच राहिलं. सिदूनं लांबून हातानंच विचारलं, काय करू? मी हातानंच सांगितलं, चालू दे.

संध्याकाळी परवानगी लिहून दिली.

६ सप्टेंबर, शनिवार

खांब भरले. विष्णुपंत तुळजापूरहून सकाळीच आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात नारळ. नारळ फोडायच्या आधी मला म्हणाले, "लिंबाजीराव, पाहिलं ना सगळं?"

"पाहिलं," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही. पाहिलं होतंच.

पेढे वाटले तेव्हा मी म्हणालो, शनिवार आहे, उपास. विष्णुपंत शेजारच्या माणसाला म्हणाले, "पाहा, असा माणूस मिळायला भाग्य लागतं."

संध्याकाळी गावात गणपती विसर्जनाचे ताशे वाजत होते. त्र्याण्णव साली याच चतुर्दशीला लोक विसर्जन करून दमून घरी जाऊन निजले होते आणि पहाटे जमीन हलली. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंती तडकल्या, माणसं वाचली. चुलत्यांबरोबर मी इकडं दगड उचलायला आलो होतो. ते सगळं माहीत असलेला माणूस मी आहे. दुसरा कुणी असता तर अडाणी म्हणून सुटला असता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सेंटरिंगच्या, म्हणजे साच्याच्या, पाट्या काढल्या तेव्हा खांब गुळगुळीत निघाले, कुठं भोक नाही, कुठं वाकडेपणा नाही. आता रोज सकाळ-संध्याकाळ पोती ओली करून पाणी मारतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. मला त्यांच्या जवळून जाताना मान खाली घालावीशी वाटते.

आज तुळजापूरला जाऊन आलो. देवी निजलेली आहे. नवरात्राच्या आधी तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, घटस्थापनेला उठवतात. दरवर्षी तिला अशी पाहिली की लेकराकडं पाहावं तसं वाटतं. यंदा वेगळंच वाटलं. तिचे डोळे माझ्याकडं नाहीत, याचं बरं वाटलं. पायरी उतरताना ते लक्षात आलं आणि खांबाला धरून उभा राहिलो.

घटस्थापनेला स्लॅब टाकायचा आहे. एकदा स्लॅब वर बसला की खांबांना हात लावता येणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

पाऊस थांबायला तयार नाही. परंड्याकडं गावांत पाणी शिरलंय म्हणतात, वावरातली माती वाहून गेलीय. स्लॅब आज व्हायचा होता, तो दसऱ्यावर गेला. मी खिडकीत उभा राहून पावसाचे आभार मानत होतो. लोकांची सोयाबीन पाण्यात आणि मी आभार मानतोय.

आशामती घट बसवत होती. पत्रावळीवर माती पसरता पसरता म्हणाली, "काय झालंय तुमाला? पंधरा दिस झाले, जेवता आन् तोंड असं करता जसं कुणाचं चोरून खाताव."

मी म्हणालो, नवरात्राचे उपास आहेत, म्हणून.

"उपास आज बसले," ती म्हणाली.

३० सप्टेंबर, मंगळवार

भूकंपात गेलेल्यांच्या स्मारकाला सकाळी फुलं वाहिली. विष्णुपंत दरवर्षी येतात. मीही गेलो. शाळेच्या मुली रांगेत उभ्या होत्या, त्यातल्याच काही वसतिगृहात राहायला येणार आहेत. सध्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात.

विष्णुपंत माझ्याबरोबर साइटपर्यंत चालत आले. स्लॅबची सळई पाहिली, खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "लिंबाजीराव, तुम्हाला सांगतो. त्या पहाटेनंतर मी कुठल्या पक्क्या छताखाली झोपलो की आधी वर पाहतो. पस्तिशी उलटली होती तेव्हा माझी, आता सत्तरीला आलो, सवय जात नाही. माझी बायको शामला हसते मला. या मुलींना पत्र्यात ठेवलं तेही त्याच भीतीनं. उन्हाळ्यात त्या भाजतात, तरी मी मोठी इमारत बांधू देईना. संस्थेतली माणसं म्हणाली, आता शास्त्र सुधारलंय, तपासणारा माणूस ठेवा. मग तुम्हाला घेतलं. मला त्या सळयांतलं काही कळत नाही. तुम्ही पाहिलंय, एवढंच मला पुरे आहे."



ते गेल्यावर मी खांबांमध्ये उभा राहिलो. परवा इथं स्लॅब पडणार. वर मुली वळकटी पसरून निजणार, आणि हा म्हातारा त्यांच्याकडं पाहून म्हणणार, लिंबाजीरावांनी पाहिलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी विष्णुपंतांना फोन केला. म्हणालो, "उद्याचा स्लॅब थांबवावा लागेल. खालच्या खांबांच्या रिंगांबद्दल मला शंका आहे. एक खांब उघडून पाहू."

शंका! हाच शब्द तोंडात आला. रात्रभर 'मी पाहिलं होतं' हे घोकत होतो आणि फोनवर हा आला.

दुपारी सगळे जमले. छिन्नीनं एका खांबाचं वरचं काँक्रीट काढलं. काटकोनातली टोकं दिसली. दुसरा उघडला, तेच. मी विष्णुपंतांना रिंगा कशा हव्यात ते समजावून सांगितलं. स्पष्ट, मुद्देसूद. आवाज अजिबात कापला नाही. करारातलं कलमही सांगितलं, सल्लागारानं परवानगी दिली म्हणून कंत्राटदाराची जबाबदारी संपत नाही. खांब फोडून स्वतःच्या खर्चानं नव्यानं करावे लागतील.

ते कलम मी गेल्या आठवड्यात कितीदा वाचलं होतं ते मलाच माहीत. ते वाचलं की झोप लागायची.

बोलताना हणमंतप्पांकडं पाहिलं नाही. आता ते म्हणणार, 'आवं, तुमच्या डोळ्यांदेखत झालंय हे, तुम्हीच चालू द्या म्हणालाव.' मी वाट पाहत होतो. ते म्हणाले असते तर मी 'होय' म्हणालो असतो, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

हणमंतप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "माझ्या माणसांची चूक हाय, गुरुजी. फोडतो."

विष्णुपंतांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "देवीनंच तुम्हाला बुद्धी दिली. तुम्ही होतात म्हणून मुली वाचल्या," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. आणि मी हात सोडवूनही घेतला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

संस्थेनं शाळेत कार्यक्रम ठेवला होता. विष्णुपंतांनी आपट्याचं पहिलं पान मला दिलं आणि सगळ्यांसमोर चार शब्द बोलले. प्रामाणिक माणूस, कुणाची भीडभाड न ठेवणारा. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

हणमंतप्पाही आले होते, मागं उभे होते. शेवटी पुढं येऊन माझ्या हातावर पान ठेवलं.

"सोनं घ्या, लिंबाजीराव. सोन्यासारखं ऱ्हावा."

सगळे म्हणतात तेच म्हणाले, आवाजात काही वेगळं नव्हतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

खांब फोडायला सुरुवात झाली. आज सिदूला कामावरून काढलं. कुणाला तरी काढायला हवं होतं.

तो बायकोबरोबर फटफटीवर बोचकं बांधत होता. मी जवळ गेलो. काय बोलायला गेलो होतो, ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला.

"साहेब, आता जिथं जाईन तिथं तुमचंच नाव सांगतो. म्हणतो, लई बारीक तपासतेत. निस्त्या हातानं इशारा केला तरी आमाला समजतंय."

बायकोला कळलं नाही, तीही हसली. फटफटी निघून गेली.

दुपारी डबा आला. रोजच्यासारखा, गरम. हणमंतप्पांनी पोतं झटकून टाकलं आणि जागा करून दिली. मी बसलो. मी जेवलो. जेवलो हे खरं आहे.

घरी आशामतीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ती गहू निवडत होती, निवडतच राहिली. मी म्हणालो, "हणमंतप्पा थोर माणूस. सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं न्हाय."

"घेतलं न्हाय म्हणूनच डबा आला," ती म्हणाली. "आता वरच्या मजल्याला काय बी झालं तर तुम्ही बोलताव का? सांगा की."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"त्या सिदूच्या घरी कोण डबा देतंय आता?" एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

तुळजापूरला गेलो. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पुन्हा निजते, श्रमानं, कोजागिरीपर्यंत. मला माहीत होतं. तरी गेलो. रांगेत उभा राहिलो, पलंगावर निजलेली ती पाहिली, कपाळ टेकलं. सांगायला आलो होतो, पण निजलेल्याला काय सांगणार? आणि तिला सांगून मोकळं व्हायचं, हाही एक उपासच झाला. तिच्या आड लपायचं आणि माणसाला तोंड द्यायचं टाळायचं.

जागा माणूस त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहतो.

विष्णुपंत ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. शामलाबाईंनी पोहे आणले. मी म्हणालो, "आधी बोलतो, मग." ताटली बाजूला ठेवली.

"गुरुजी, त्या रिंगा मी आधीच पाहिल्या होत्या. खांब भरायच्या आधी. सिदूनं मला विचारलं, मीच चालू दे म्हणालो. तुम्ही नारळ फोडताना विचारलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी शंका म्हणालो ते खोटं."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"पैसे घेतलेत?"

"नाही."

"मग काय घेतलंत?"

"डबा," मी म्हणालो. "जुलैपासून त्यांच्या घरचं जेवतो."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"आणि हणमंतप्पाला हे ठाऊक होतं. तरी बुधवारी तो गप्प बसला?"

"हो."

"का?"

"मी त्यांच्या ताटात जेवतो, म्हणून असेल."

"छान," विष्णुपंत म्हणाले. "तुम्ही त्याच्या मिठाला जागलात, तो तुमच्या ताटाला जागला. दोघंही थोर. आमच्या मुली तेवढ्या मध्ये राहिल्या."

 आतून शामलाबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मी म्हणालो, "मला या कामावरून काढा. दुसरा माणूस नेमा."

"नाही," ते म्हणाले. "काढलं तर तुम्ही सुटाल. घरी बसून उपास करत राहाल. बुधवारी साइटवर या. मी येतो. जे मला सांगितलंत ते तिथं सांगा, त्या सिदूलाही बोलावून घ्या. वरच्या मजल्याची तपासणी तुम्हीच करायची. पण यापुढं तुमच्या मागून संस्था दुसऱ्या कुणाकडून पाहून घेईल. तुमच्या एकट्याच्या 'पाहिलं'वर आता मला झोप येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं वाटायचं? मी उठलो. ते म्हणाले, "पोहे राहिले."

मी बसून पोहे खाल्ले. गार झाले होते.

८ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. फोडलेल्या खांबांजवळ उभं राहून, सगळ्यांसमोर. काल सिदूच्या गावी जाऊन त्याला घेऊन आलो होतो. तो लांब उभा राहिला, हाताची घडी घालून. फार वाक्यं लागली नाहीत. 'रिंगा चुकीच्या आहेत हे मी भरण्याआधी पाहिलं होतं. सिदूनं विचारलं होतं. चालू द्या म्हणणारा मी.' महिनाभर जे जड वाटत होतं ते बोलायला एक घोट पाणी पिण्याएवढा वेळ लागला.

हणमंतप्पा खाली बघत होते. मग मला बाजूला नेऊन हळू म्हणाले, "हे कशापायी केलाव, लिंबाजीराव? म्या तर कुणापाशी बोललो नव्हतो. बोलणारबी नव्हतो."

"म्हणूनच, अप्पा."

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा राग दिसला. मला बरं वाटलं.

सिदू आजपासून परत कामावर आहे. हे विष्णुपंतांनी हणमंतप्पांकडून वदवून घेतलं. ज्या मुलींनी टाळ्या वाजवल्या त्यांना कुणी काही सांगितलं नाही. वाटेत दिसल्या की त्या अजून नमस्कार करतात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नव्या रिंगा बांधून झाल्या. आज तपासल्या. नुसतं पाहून माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. म्हणून प्रत्येक रिंगेच्या टोकाला बोट लावतो, आत वळलंय का ते चाचपतो, मग पुढं जातो. खाली बसून, वर चढून. सगळी दुपार गेली.

सिदू वरून म्हणाला, "साहेब, धार काढायलाव का? अशानं पान्हवंल की खांब!"

सगळे हसले. मीही हसलो. दोन टोकं कमी वळलेली होती, ती सोडून पुन्हा बांधायला सांगितली. त्यानं तोंड वाकडं करत बांधली. आता माझ्यामागून विष्णुपंतांचा माणूस येईल आणि पुन्हा पाहील. तो येतो तेव्हा मी बाजूला उभा राहतो, शाळेत पाटी दाखवून उभं राहावं तसा.

जेवायला वाळूच्या ढिगाच्या या बाजूला बसलो. आशामतीनं ज्वारीची भाकरी आणि कारळ्याची चटणी बांधून दिली होती, गार. त्या दिवसापासून हणमंतप्पा वेगळे बसतात. आज मात्र डबा उघडता उघडता थांबले. कमलबाईंनी काहीतरी जास्तीचं दिलं असावं. उठून आले आणि ताटली माझ्यापुढं धरली. शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, तूप लावलेल्या.

"घ्या की, लिंबाजीराव. कमलबाई म्हणाली, दादांना द्या म्हणून. झालं गेलं."

त्यांचा चेहरा खरोखरच मऊ झाला होता. पोळ्यांचा वास येत होता. आज गुरुवार. तोंडात नेहमीचे शब्द आलेच होते, मी ते गिळले. गुरुवारचा आणि शनिवारचा उपास मी सोडलाय.

"नको, अप्पा," मी म्हणालो.

ते कारणाची वाट पाहत तसेच उभे राहिले. मी काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं ते ताटली घेऊन परत गेले. मी माझी भाकरी मोडली.